पुढच्या विसाव्याला भेटू

ज्येष्ठातला कृष्णपक्ष जवळ आला की माझा फोन वाजायला लागतो. नात्यातले, शेजारचे, जुने सहकारी, त्यांची मुलं. कुणी मुंबईहून येणार असतं, कुणी नाशिकहून. विचारणं एकच: "काका, यंदा पुण्यापासून सासवडपर्यंत वारीत चालायचं म्हणतोय. बरोबर काय काय घेऊ?" मी उलट विचारतो, "पुण्यातून बाहेर कसा पडणार आहेस?" त्यावर पलीकडून हसू येतं. लाखो माणसं एकाच दिशेला चाललेली असताना वाट चुकेलच कशी?

मलाही असंच वाटायचं. मी सरकारच्या मोजणी खात्यातून निवृत्त झालेला माणूस. शेताच्या हद्दी, बांध, गावाची शीव हे सगळं दाखवून देण्याचाच माझा धंदा. दुसऱ्यांची जमीन कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे सांगण्यात हयात गेली. आणि असा मी, पहिल्याच वारीत, भर हडपसरात, दिवसाढवळ्या वाट चुकलो. ती हकिगत पुढे येईलच. पण त्या दिवसापासून एक गोष्ट मनात पक्की बसली. वारीत घाट अवघड, ऊन-पाऊस अवघड, हे सगळे सांगतात. नवख्या माणसाला खरं अवघड जातं ते शहरातून बाहेर पडणं. आज त्याबद्दलच चार अनुभवाच्या गोष्टी सांगणार आहे. शक्य असेल त्यांनी कागद-पेन्सिल जवळ घ्यावी.

आधी पालख्या पुणं सोडतात त्या दिवसाचं चित्र डोळ्यांपुढे आणू. आळंदीहून ज्ञानेश्वर महाराजांची आणि देहूहून तुकाराम महाराजांची अशा दोन्ही पालख्या पुण्यात येतात आणि दोन रात्री मुक्काम करतात. माउलींचा मुक्काम भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरात, तुकोबांचा नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबा मंदिरात. ही दोन्ही देवळं एकमेकांपासून पायी काही मिनिटांच्या अंतरावर. नंतर साधारणपणे ज्येष्ठ वद्य एकादशीच्या सकाळी दोन्ही पालख्या पुणं सोडतात. दोन्ही पुलगेटवरून सोलापूर रस्त्याला लागतात. दोन्ही हडपसरला येतात. आणि हडपसरच्या गाडीतळाला त्यांच्या वाटा फुटतात. माउली उजवीकडे सासवड रस्त्याला वळतात, तुकोबा सरळ सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरला जातात.

म्हणजे बघा, एक सकाळ, एक रस्ता, दोन पालख्या आणि दोन वेगळे मुक्काम. सासवड आणि लोणी काळभोर ही काही एकमेकांना खेटून असलेली गावं नाहीत. मधे डोंगर आहे.

याला इतिहासही आहे. तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी 1685 साली पालखीची प्रथा सुरू केली, तेव्हा ज्ञानोबा आणि तुकोबा या दोघांच्याही पादुका एकाच पालखीत असत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकर यांनी माउलींचा सोहळा स्वतंत्र केला आणि दिंड्यांची शिस्त घालून दिली. तेव्हापासून दोन पालख्या आणि दोन मार्ग. मात्र तोंडातलं भजन दोन्हीकडे एकच राहिलं. माउलींच्या पालखीतही ज्ञानोबा-तुकाराम आणि तुकोबांच्या पालखीतही ज्ञानोबा-तुकाराम. भक्तीच्या दृष्टीने हे फार गोड आहे. पण नुसत्या कानावर भरवसा ठेवून आपण कुठल्या पालखीत आहोत हे कळत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

आता पहिला प्रश्न, सुरुवातीच्या ठिकाणी पोचायचं कसं? पालखीच्या दिवशी पुण्याच्या मध्यभागातले आणि सोलापूर रस्त्यावरचे बरेच रस्ते वाहनांना बंद असतात. रिक्षा मिळत नाही, बस वळवलेली असते. पालखी पहाटे हलते, त्यामुळे मेट्रोच्या पहिल्या गाडीवर विसंबू नका. सगळ्यात चांगलं म्हणजे आदल्या रात्रीच भवानी पेठ, नाना पेठ किंवा कॅम्पच्या आसपास कुणाकडे तरी मुक्कामाला या. नात्यातलं कुणी नसेल, तर पुणे स्टेशनहून पुलगेट चालत फार लांब नाही. तीनेक किलोमीटर. पहाटे चार-साडेचारला स्टेशनवर उतरलात तरी आरामात पोचाल.

आणि देवळापाशीच जाऊन उभं राहायचा हट्ट धरू नका. भवानी पेठेतल्या अरुंद गल्ल्यांमध्ये त्या पहाटे पाय ठेवायला जागा नसते. तुम्ही दर्शनाला आला असाल तर गोष्ट वेगळी, मग आदल्या दिवशी जा. चालायला आला असाल तर पुलगेटला या. पुलगेटचं बसस्थानक ही तुमची पहिली खूण. दोन्ही पालख्या तिथून सोलापूर रस्त्याला लागतात, आणि रस्ता रुंद असल्याने तुमची दिंडी तुम्हाला दिसू शकते.

खुणांचा विषय निघालाच आहे, तर माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. मोजणीला गेलो की आम्ही आधी पक्की खूण शोधतो. हद्दीचा दगड, जुनी विहीर, तिठा, ओढ्यावरचा पूल. म्हणजे जी काल होती, आज आहे आणि उद्याही तिथेच सापडेल. झाडाला बांधलेलं फडकं, कुंपणाचा डांब, नवीन टाकलेला खडीचा ढीग या कच्च्या खुणा. त्यांच्यावर आम्ही मोजणी धरत नाही. वारीत शहरातून चालताना नेमका हाच नियम लावायचा.

वारीच्या दिवशी रस्त्यावर सगळ्यात जास्त काय दिसतं? फलक, कमानी, मंडप, चहा-नाश्त्याचे स्टॉल. लोक एकमेकांना फोनवर सांगतात, "मी केळी वाटतात त्या मांडवापाशी आहे." आता केळी वाटणारे मांडव पुलगेट ते हडपसर शंभर असतील. ही कच्ची खूण. "मी भैरोबा नाल्याच्या पुलावर आहे" म्हणालात की ती पक्की.

तेव्हा माउलींबरोबर सासवडला जाणाऱ्यांनी पाच पक्क्या खुणा लिहून घ्या. मी अंतरं सांगतो, ती अंदाजाची आहेत, पण चालणाऱ्याला तेवढी पुरतात.

एक, पुलगेट. भवानी पेठेपासून दोन किलोमीटरच्या आत.

दोन, भैरोबा नाला. पुलगेटपासून आणखी दोनेक किलोमीटर. डाव्या अंगाला रेसकोर्स आणि एम्प्रेस गार्डनचा हिरवा भाग, पुढे फातिमानगर.

तीन, हडपसर गाडीतळ. भैरोबा नाल्यापासून साडेचार-पाच किलोमीटर. वाटेत उजवीकडे रामटेकडी, डावीकडे मगरपट्टा. गाडीतळ म्हणजे वाट फुटण्याची जागा. इथे डोळे उघडे ठेवायचे.

चार, वडकी नाला. गाडीतळापासून दहा-साडेदहा किलोमीटर. वाटेत भेकराईनगर, मंतरवाडी, उरुळी देवाची. वडकी नाल्याला विसावा असतो आणि समोर दिवे घाट दिसायला लागतो.

पाच, घाटमाथा. वडकीपासून चारेक किलोमीटरचा चढ. वर झेंडेवाडी. तिथून सासवड आठ-नऊ किलोमीटर.

बेरीज केलीत तर तीस-बत्तीस किलोमीटर होतात. माउलींच्या संपूर्ण वाटचालीतला हा सगळ्यात मोठा टप्पा समजला जातो, आणि गंमत अशी की तो एकादशीला येतो. म्हणजे उपास आणि सगळ्यात लांब चाल एकाच दिवशी. शहरातून आलेल्यांना हे फारसं ठाऊक नसतं. उपास करणाऱ्यांनी शेंगदाण्याचे लाडू, खजूर, केळी स्वतःजवळ ठेवावीत. साबुदाण्याची खिचडी वाटेत मिळते, पण भर दुपारी खिचडी खाऊन घाट चढायला घेतला की काय होतं, ते एकदा चढलेल्याला विचारा.

तुकोबांबरोबर लोणी काळभोरला जाणाऱ्यांसाठी पहिल्या तीन खुणा त्याच. गाडीतळापुढे 'पंधरा नंबर' म्हणतात ती जागा, मग मांजरी फार्म, मग कवडीपाट, मग लोणी. हा टप्पा सपाट आणि बराच लहान, पुण्यापासून वीस किलोमीटरच्या आतबाहेर. पहिल्यांदाच चालणाऱ्याला, गुडघे कुरकुरत असणाऱ्याला, लहान मूल बरोबर असणाऱ्याला मी नेहमी हाच टप्पा सुचवतो. वारी तीच, पुण्य तेच आणि घाट नाही.

आता माझी हकिगत.

पहिल्या वर्षी मी एकटाच निघालो होतो. ओळखीच्या एका दिंडीबरोबर, माउलींच्या रथामागे. फातिमानगरपाशी चप्पल तुटली. रस्त्याकडेला चांभार सेवा म्हणून फुकट चपला शिवून देत बसले होते. तिथे पंधरा-वीस मिनिटं गेली. उठून पाहतो तो दिंडी पुढे गेलेली. मनात म्हटलं, हरकत नाही, भरभर चालून गाठू. भगव्या पताका पुढे दिसत होत्या, टाळ-मृदंग चालू होता, ज्ञानोबा-तुकाराम चालू होतं. मी त्यात मिसळलो आणि चालत राहिलो. गाडीतळाला उड्डाणपूल आहे. पुलाखाली गर्दी, ढोल, पोलिसांच्या शिट्ट्या, कुणी पाण्याच्या बाटल्या फेकतंय. पुलाच्या सावलीत दिशादर्शक फलक कुणाला दिसतोय! पुढची माणसं सरळ गेली, मीही सरळ गेलो.

थोड्या वेळाने 'आकाशवाणी' असं नाव असलेला बसथांबा दिसला. हडपसरला आकाशवाणीचं प्रक्षेपण केंद्र आहे, त्यावरून त्या थांब्याचं नाव. मला आपला आनंदच झाला, रेडिओ लहानपणापासूनचा ना! सासवड रस्त्यावर हा थांबा असूच शकत नाही, हे त्या क्षणी डोक्यात आलं नाही. हडपसरच्या बाजूची किती जमीन मी मोजली असेन! पण हातात नकाशा नव्हता, बरोबर साखळी नव्हती, आणि माणसांचा लोंढा होता. लोंढ्यात माणूस स्वतःचा अंदाज सोडून देतो.

पंधरा नंबरही मागे पडलं. मांजरी फार्मच्या अलीकडे एका झाडाखाली चहा घ्यायला बसलो. शेजारी एक आजी बसल्या होत्या, डोक्यावर तुळशीवृंदावन, पायाला धूळ. त्यांनी विचारलं, "माउली, कुठल्या दिंडीचं?" मी दिंडीचं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "ती तर रथामागची, माउलीची. मग इकडं कुठं? ही तुकोबाची वाट. लोणीला चालली."

माझा चेहरा पाहून त्यांना हसू आलं असणार. मी घाईने उठलो आणि मागे वळायला लागलो. त्यांनी हात धरून बसवलं. "मागं फिरू नगं. एवढ्या माणसांत उलटा चालशील तर तुडवतील. पुढं फाटा हाय, तिथनं आडवा जा. आन् तुझी माणसं मागं शोधू नगं. म्होरल्या विसाव्याला भेटंल की समदी."

मी शेवाळवाडीवरून फुरसुंगीमार्गे आडवा निघालो आणि मंतरवाडीला सासवड रस्ता गाठला. चार-पाच किलोमीटर जास्त चाललो, पण वडकी नाल्याच्या विसाव्याला माझी दिंडी बसलेली सापडली. कुणी काही बोललं नाही, एकाने नुसता फराळाचा द्रोण पुढे केला.

त्या आजींनी जे सांगितलं, तोच आजच्या भाषणाचा गाभा. वारीत वाट चुकली, माणसं सुटली, तरी मागे फिरायचं नाही. पुढच्या विसाव्याला भेटायचं. शहरात आपली सवय उलटी असते. जत्रेत मूल सुटलं की आपण जिथे शेवटचं दिसलं तिथे परत जातो. वारीत ते चालत नाही, कारण ती जागाच उरत नाही. प्रवाह पुढे सरकलेला असतो, आणि तुम्ही उलटे निघालात तर तुम्हीही अडकता आणि चार माणसांना धक्काही देता. म्हणून निघण्याआधीच सगळ्यांनी मिळून ठरवून टाका: सुटलो तर कुठे भेटायचं. एक ठिकाण नाही, तीन ठिकाणं. सकाळच्या टप्प्यात सुटलो तर गाडीतळावरचं अमुक एक ठिकाण. दुपारी सुटलो तर वडकी नाला. संध्याकाळी सुटलो तर सासवडचा पालखीतळ. लहान मूल असेल तर त्याला मात्र वेगळा नियम: जिथे आहेस तिथेच थांब आणि पोलीसकाकांना किंवा वीणा घेतलेल्या माणसाला सांग.

आपण कुठल्या पालखीत आहोत हे ओळखायचं कसं, तेही सांगतो. प्रत्येक नोंदलेल्या दिंडीला क्रमांक असतो. माउलींच्या सोहळ्यात रथापुढे सत्तावीस दिंड्या चालतात आणि बाकीच्या रथामागे. दिंडीच्या फलकावर किंवा सामानाच्या ट्रकवर लिहिलेलं असतं: अमुक महाराज पालखी सोहळा, रथापुढे किंवा रथामागे, दिंडी क्रमांक अमुक. हा तुमचा पत्ता आहे. पोस्टात घर नंबर जसा, वारीत दिंडी क्रमांक तसा. पोलिसाला, स्वयंसेवकाला, तळावर ध्वनिक्षेपकावरून पुकारणाऱ्याला "भगव्या झेंड्यांची दिंडी" सांगून उपयोग नाही, क्रमांक सांगा. ज्यांची दिंडी नाही, म्हणजे जे मोकळे चालतात, त्यांनी गाडीतळाला पोचल्यावर थांबायचं, कडेला व्हायचं, पोलिसाला किंवा जुन्या वारकऱ्याला विचारायचं, "सासवडची वाट हीच ना?" विचारायला लाजू नका. वारीत कुणी कुणाला मूर्ख म्हणत नाही, सगळे एकमेकांना माउली म्हणतात.

आणि एक साधा नियम पाठ करा. पुण्याकडून जाताना गाडीतळाला उजवीकडे माउली, सरळ तुकोबा. उजवीकडे सासवड, सरळ लोणी. घरातल्या मुलांकडून दहा वेळा म्हणवून घ्या.

आता फोनबद्दल. फोन न्यावा, पण फोन म्हणजे वाट नव्हे. लाखो माणसं एका रस्त्यावर असताना नेटवर्क बसतं. फोन लागत नाही, लागला तर आवाज तुटतो. अशा वेळी साधा एसएमएस बऱ्याचदा जातो. पुण्यात असतानाच घरच्या वायफायवर त्या भागाचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा. नेटवर्क नसलं तरी फोनला स्वतःची जागा उपग्रहावरून कळते. पण नकाशाच्या ॲपला सासवड विचाराल तेव्हा नीट पाहा. पुण्याच्या मध्यातून सासवडला जायला कोंढव्यावरून बोपदेव घाटाचाही रस्ता आहे. ॲप तुम्हाला तिकडे वळवू शकतं. तो रस्ता खरा आहे, सासवडलाच जातो, पण तिथे पालखी नाही, विसावे नाहीत, पाणी नाही आणि त्या दिवशी सगळी वळवलेली वाहतूक मात्र तिथेच असते.

बंद रस्त्यांची दुसरी बाजू म्हणजे परतीची वाट. एका दिवसाची वारी करणारे जायचा विचार करतात, परत यायचा करत नाहीत. संध्याकाळी सासवडला पोचल्यावर पाय भरलेले असतात आणि तेव्हा कळतं की दिवे घाट वाहनांना बंद आहे. गाड्या बोपदेवने किंवा कापूरहोळवरून फिरून जातात. घरचं कुणी गाडी घेऊन येणार असेल तर त्याला सासवडपर्यंत बोलावण्याआधी कुठले रस्ते कधी बंद आणि कधी उघडे, हे पोलिसांनी दिलेल्या माहितीतून पाहून ठेवा. नाहीतर सासवडलाच मुक्काम करा. दुसऱ्या दिवशीही माउली तिथेच असतात, सोपानदेवांची समाधी सासवडला आहे. मग दर्शन घेऊन सावकाश परता.

आता चिठ्ठीबद्दल. ही गोष्ट अगदी लहान आहे, पण दर वर्षी मी कुणाच्या तरी खिशात ती शोधतो आणि ती नसते. बरोबर असलेल्या प्रत्येकाच्या, विशेषतः वयस्कर माणसांच्या आणि मुलांच्या खिशात एक कागद ठेवा. पावसाळा आहे, म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत. त्यावर नाव, गाव, पालखीचं नाव, रथापुढे की मागे, दिंडी क्रमांक, घरच्या दोघांचे फोन नंबर, आणि मधुमेह-रक्तदाबासारखा आजार असेल तर औषधाचं नाव. वयस्कर माणूस दमून बसला की त्याला स्वतःचा फोन नंबर आठवत नाही, यात लाज नाही, असं होतं. त्या चिठ्ठीवरून पोलीस त्याला पोचवतात. अडचण आली तर 112 हा आपत्कालीन क्रमांक आणि 108 ही रुग्णवाहिका. हे दोन आकडे चिठ्ठीच्या खाली मोठ्या अक्षरात लिहा.

श्रोतेहो, शहर संपतं कुठे, हा मोजणीवाल्याला नेहमी पडणारा प्रश्न. कागदावर हद्द असते. फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावं 2017 साली पुणे महापालिकेत आली आणि पुढे पुन्हा बाहेर काढली गेली. पण चालणाऱ्या माणसाला ते कळतच नाही. भेकराईनगर, मंतरवाडी, उरुळी, दुकानं आणि गोदामं संपतच नाहीत. नवखा माणूस इथे खचतो. त्याला वाटत असतं, हडपसर संपलं की शेतं लागतील, मोकळा वारा लागेल. ते होत नाही. या दहा किलोमीटरांत सगळ्यात जास्त माणसं कंटाळून रिक्षा शोधायला लागतात. म्हणून आधीच सांगतो, शहर वडकी नाल्याला संपतं, आधी नाही. वडकीच्या शिवारात मस्तानी तलाव आहे. घाटाचं पहिलं वळण चढून मागे पाहिलंत की खाली तलाव, त्यापलीकडे पसरलेलं पुणं आणि अख्ख्या घाटात माणसांची रांग दिसते. इथून पुढे वाट चुकायला जागाच नाही, एका बाजूला डोंगर, एका बाजूला दरी.

घाटाबद्दल थोडक्यात. रथाला या चढावर जादा बैलजोड्या जोडतात. बैलांना जास्तीची जोडी लागते तर आपणही जरा थांबत थांबत चढावं. सावली नाही. डोकं झाकायला टोपी किंवा उपरणं हवं आणि पाणी वडकीलाच भरून घ्यावं. घाटाच्या कठड्यावर बसून फोटो काढू नयेत. रथ आला की कडेला व्हावं, रथापुढे धावू नये. वडकीला पोचल्यावर पाय फारच दुखत असतील, चक्कर येत असेल, तर घाट चढण्याचा हट्ट सोडून द्यावा. पुढच्या वर्षीही घाट तिथेच असतो.

आता वारीबाहेरच्या पायी यात्रांबद्दल एक-दोन वाक्यं. मुंबईहून शिर्डीला चालत जाणारे ठाणे-भिवंडीवरून शहापूर, कसारा घाट, सिन्नर असे जातात. कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत जाणारे भक्त आहेत. यात आणि पंढरीच्या वारीत एक मोठा फरक आहे. वारीसाठी रस्ता वाहनांना बंद करतात, शिर्डीच्या वाटेवर महामार्ग वाहता असतो. तिथे शहरातून बाहेर पडताना उड्डाणपुलांवर, चौपदरी रस्त्यांच्या जोडांवर खरा धोका असतो. गट लहान असो की मोठा, समोरून येणारी वाहनं दिसतील अशा उजव्या बाजूने एका रांगेत चाला. अंधारात पुढच्या आणि मागच्या माणसाच्या अंगावर चमकणारी पट्टी असलीच पाहिजे. किलोमीटरच्या दगडाचा माथा पिवळा असेल तर तो राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य मार्ग. दगड बघायची सवय ठेवा. आपण किती आलो आणि कुठल्या रस्त्यावर आहोत, हे तो खोटं सांगत नाही. आणि पुढच्या विसाव्याला भेटण्याचा नियम इथेही तसाच.

वेळ संपत आली. जे सांगितलं ते पुन्हा एकदा. पुलगेटला सुरुवात करा. पाच पक्क्या खुणा पाठ करा: पुलगेट, भैरोबा नाला, गाडीतळ, वडकी नाला, घाटमाथा. गाडीतळाला थांबा, विचारा, मग वळा. उजवीकडे माउली, सरळ तुकोबा. परतीची वाट आधी ठरवा. सुटलात तर मागे फिरू नका.

आणि आज रात्री एवढं करा. घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवा, जितकी माणसं निघणार तितक्या चिठ्ठ्या लिहा, आणि भेटायची तीन ठिकाणं प्रत्येकाकडून तोंडाने म्हणवून घ्या. आजींकडून आणि नातवंडांकडूनही. चिठ्ठी लिहायला दहा मिनिटं लागतात.